अमेरिकेचा मतदार नेमके कोणाला निवडतो?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची चर्चा आपल्याकडे मोठ्या चवीने होते. परंतु त्या चर्चेच्या तळाशी चित्र असते ते आपल्याच लोकसभेच्या निवडणुकीचे, आणि एक आयोग, एक कायदा, एक नियमावली असा जो बंदोबस्त १९५० पासून आपल्या अंगवळणी पडला आहे, तोच अटलांटिकपलीकडेही असणार असे आपण न विचारताच गृहीत धरतो. बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथे आहे.

देशभरात ज्याला सर्वाधिक मते तो अध्यक्ष, ही समजूत सर्वांत दृढ. वस्तुतः तेथील मतदार अध्यक्षाला थेट निवडीतच नाही. मतपत्रिकेवर नाव उमेदवाराचे असले तरी त्याच्या मताने निवडले जातात ते त्याच्या राज्याच्या वाट्याचे निर्वाचक. तेथील संसदेतील प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सिनेटच्या १०० जागांइतके, अधिक राजधानी वॉशिंग्टनचे ३, असे हे निर्वाचक एकूण ५३८, आणि त्यांतील २७० ज्याच्या बाजूस तो विजयी. राज्यात जो पुढे, त्याच्याच पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात, हा नियम मात्र घटनेतला नव्हे. निर्वाचक कसे नेमावेत ही बाब घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविली. आणि याच मोकळिकीच्या बळावर साउथ कॅरोलिनाचे विधिमंडळ १८६० पर्यंत प्रजेला न विचारता निर्वाचक परस्पर नेमीत असे, तर आज मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये आपल्या वाट्याचे काही निर्वाचक प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांनुसार निवडतात.

दुसरा भ्रम केंद्रीय निवडणूक आयोगाविषयीचा, आणि तो दूर करण्यास २००० सालच्या फ्लॉरिडाइतके बोलके उदाहरण नाही. त्या वर्षी अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्याहून पाच लाखांवर अधिक मते पडली होती, तरी सारा निकाल फ्लॉरिडाच्या २५ निर्वाचकांवर येऊन ठेपला, आणि साठ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या त्या राज्यात अधिकृत फरक निघाला अवघ्या ५३७ मतांचा. तेथील पाम बीच काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एका घटकाची, छिद्र पाडून मत द्यावयाची मतपत्रिका तिथल्याच निवडणूक अधिकाऱ्याने आखलेली होती; वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत या सद्‌हेतूने नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागल्याने कोणते छिद्र कोणाचे, हा घोटाळा होऊन गोर यांची पुष्कळ मते भलत्याच उमेदवाराच्या खात्यावर गेल्याची तक्रार झाली. फेरमोजणीत अर्धवट सुटलेल्या छिद्राचे मत मोजावे की नाही, याविषयीही काउंटीगणिक निराळा निवाडा होत होता. अखेर १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबविली. या अवधीत केंद्रीय निवडणूक आयोग काय करीत होता, असे आपला वाचक विचारील. त्या नावाची संस्था वॉशिंग्टनात आहे खरी, पण तिचा अंमल उमेदवारांच्या देणग्या आणि खर्चाच्या हिशेबांपुरता आहे. मतपेटीवर तिची हुकमत नाही. पुढे २००२ च्या कायद्याने दुसरी एक संस्था निघाली, तिचेही काम मुख्यतः अनुदाने आणि मार्गदर्शन देण्याचे.

कोणालाच २७० न मिळाल्यास अध्यक्ष प्रतिनिधिगृह निवडते, आणि तेथे प्रत्येक राज्यास एकच मत. १८२४ च्या निवडणुकीत लोकांची व निर्वाचकांची दोन्ही मते अधिक मिळवूनही अँड्र्यू जॅक्सन याच मार्गाने हरले.

घटनेने आरंभापासून सर्वांना मताधिकार दिला, हाही समज चुकीचा आहे. १८७० ची दुरुस्ती वंशावरून आणि १९२० ची लिंगावरून मत नाकारण्यास मनाई करते, एवढेच. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या हाती तो अधिकार खऱ्या अर्थाने यावयास १९६५ चा कायदा यावा लागला.

राहता राहिला तिकिटाचा प्रश्न. पक्षश्रेष्ठी उमेदवारी वाटतात, या आपल्याकडील अनुभवावरून तेथील पक्षांचा अदमास बांधणे फसवे आहे. तेथे उमेदवार बहुधा प्राथमिक निवडणुकीतून ठरतो. ती राज्याच्या कायद्याने होते, आणि अनेक राज्यांत तर मतदार आपली पक्षनिष्ठा सरकारी दप्तरातच नोंदवितो, ही गोष्ट आपल्याला विचित्रच वाटेल. श्रेष्ठींना न रुचणारा मनुष्य या वाटेने पुढे येऊ शकतो, आणि श्रेष्ठी स्वतः घरीही बसू शकतो. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते आणि भावी सभापती म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जाई, ते एरिक कँटर जून २०१४ मध्ये व्हर्जिनियातील आपल्याच मतदारसंघात आपल्याच पक्षाच्या मतदारांकडून पराभूत झाले, आणि तेही अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या हातून.