आपला गायक मोठा होतो तेव्हा

मैदानात बाकडी जोडून त्यावर सतरंजी अंथरलेली, मागे बाबासाहेबांची तसबीर, झाडाला बांधलेला भोंगा. रात्री जेवणे आटोपून माणसे घरातून पोती-चटया घेऊन येत आणि गायन पार्टी पहाटेपर्यंत चाले. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि टाळीवर कोरस धरणारे चौघे. अशाच एका जयंतीला वडिलांच्या खांद्यावर बसून मी प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. भोंगा बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल असा तो आवाज. तेव्हापासून मी शिंदे घराण्याचा श्रोता आहे.

पुढे कॅसेट आली आणि हा आवाज वस्तीबाहेर गेला. प्रल्हाद शिंदे कव्वाली गायले, लोकगीते गायले आणि विठ्ठलाची गाणीही गायले. आषाढीला गावोगावच्या देवळांवरचे कर्णे त्यांच्याच आवाजात वाजू लागले. ज्या पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना १९४७ साली, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले, त्याच वारीच्या वाटेवर आमच्या माणसाचा आवाज! पण त्याचा अभिमान वाटायचा सोडून आम्ही रुसलो. १९५६ साली २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाचा गायक विठ्ठल कसा गातो, असा आमचा सवाल होता. ऐंशीच्या दशकात आनंद-मिलिंद या त्यांच्या मुलांचे पोपटाचे गाणे लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत वाजू लागले, तेव्हा तर मी मित्रांना सांगून टाकले, "संपले. आता ते आपले राहिले नाहीत."

कोणत्याही जुन्या चाहत्याचा हा आजार असतो. कलावंत लहान असतो तोवर तो आपला, मोठा झाला की गद्दार!

माझा हा अहंकार उतरवला तो एका ढोलकवाल्याने. मी तेव्हा आमच्या जयंती मंडळाचा खजिनदार होतो. जयंती होऊन महिना झाला तरी त्याच्या पार्टीचे दीडशे रुपये आमच्याकडे थकलेले. तिसऱ्यांदा येऊन तो दारात उभा राहिला. म्हणाला, "साहेब, बाबासाहेबांसाठी फुकटही वाजवीन. पण दुकानदार जयभीम घेऊन तांदूळ देत नाही." मी हिशोबाची वही उघडली. मंडपवाल्याला पूर्ण पैसे, लायटिंगवाल्याला पूर्ण पैसे, हारवाल्याला रोख. घासाघीस केली होती ती फक्त गाणाऱ्यांशी. कारण ते आपले! परक्याला दाम आणि आपल्याला फक्त दाद, हा कुठला न्याय? मग तो बाजारात गायला गेला, तर त्याच्या निष्ठेचा पंचनामा करणारे आम्ही कोण?

२००४ साली १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. चाळीस दिवसांच्या आत चळवळीचा शब्द गेला आणि सूरही गेला. त्या दिवसांत जुन्या कॅसेट काढून ऐकताना माझ्या लक्षात आले की, शिंदेंनी भीमगीत कधी सोडलेच नव्हते. सोडले होते ते मी, ऐकणे.

याचा अर्थ कलावंताला काहीच विचारू नये असा नव्हे. विठ्ठलाच्या गाण्याबाबत माझे मत आजही तेच आहे. प्रतिज्ञा त्या प्रतिज्ञा. पण मतभेद वेगळा आणि नाते तोडणे वेगळे. या घराण्याची तिसरी पिढी पाहा. २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटातल्या गाण्याने आदर्श शिंदे घराघरात पोहोचला आणि २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका आली तेव्हा तिच्या शीर्षकगीतालाही त्याचाच आवाज होता. जयंतीच्या वर्गणीची पावती ज्यांनी कधी फाडली नाही, अशा घरांतही ते गाणे वाजले. बाजारात मिळवलेले नाव असे परत घरी येते. आम्ही दार मात्र उघडे ठेवले पाहिजे.

आज आमच्या मिरवणुकीत डीजे आहे. त्याचे भाडे आगाऊ आणि पूर्ण दिले जाते. त्याच मंडळाकडे वस्तीतली पोरे स्वतः लिहिलेली गाणी घेऊन येतात, तेव्हा त्यांना 'मिरवणूक संपल्यावर वेळ उरला तर' दहा मिनिटे मिळतात. ज्या चळवळीने भीमराव कर्डकांच्या जलशातून गावकुसाबाहेर विचार पोहोचवला, तिने आपल्या सुराची ही किंमत करावी?

येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने एवढेच करावे. एका अनोळखी गायन पार्टीला रात्रीची मुख्य वेळ द्यावी, पत्रकावर गायकाबरोबर ढोलकवाल्याचेही नाव छापावे आणि बिदागी ते मंचावर चढण्यापूर्वी हातात ठेवावी. उद्या त्यांच्यातला एखादा मोठा होईल, चार वेगळी गाणीही गाईल. तेव्हा 'तो आपला राहिला नाही' असे म्हणण्याआधी आपण आपली हिशोबाची वही उघडून पाहू.

तो ढोलकवाला आता नाही. त्याचे दीडशे रुपये मी त्या दिवशी खिशातून दिले. उशीर झाला होता, तो मात्र फेडता आला नाही.