ट्रॅक्टर, ट्रॉली आणि भाराचा मेळ

रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळीची कापणी सुरू झाली, की शेतातून पक्क्या सडकेकडे ट्रॉल्यांची ये-जा वाढते. धुळे जिल्ह्यात कापसाच्या हंगामात हेच दृश्य दिसते. एक खेप वाचावी म्हणून ट्रॉली शिगोशीग भरण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु बैल थकला म्हणजे आपण होऊन थांबतो. यंत्राला ती जाणीव नसते. ती चालकानेच ठेवली पाहिजे.

भार किती घ्यावा, हे ढिगाच्या उंचीवरून ठरवू नये. कापसाने काठोकाठ भरलेली ट्रॉली हलकी असू शकते. उलट, ओली गाळमाती एका घनमीटरात सुमारे दीड टन भरते. ट्रॉलीच्या नोंदणीपत्रात तिचे रिकामे व भारासहित वजन नमूद असते. ट्रॅक्टरने ट्रॉली व माल मिळून किती वजन ओढावे, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. भारासहित वजनाच्या या दोन आकड्यांपैकी जो लहान, तीच मर्यादा समजावी. समजा, ही मर्यादा ६ टन व रिकामी ट्रॉली दीड टनाची आहे. तर मालासाठी साडेचार टन उरतात. केळीचा घड सरासरी २० किलोचा धरल्यास हे २२५ घड झाले. हंगामाच्या आरंभी एक खेप वजनकाट्यावर तोलून पाहावी, म्हणजे अंदाज चुकत नाही.

भार कसा रचला जातो, यासही तितकेच महत्त्व आहे. बैलगाडीत ओझे मागे सरकले तर गाडी उलाळ होते, पुढे सरकले तर बैलांच्या मानेवर भार येतो. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. ओझे मागे गेल्यास ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होऊन घसरतात. फार पुढे आल्यास पुढील चाके उचलली जातात व सुकाणू हाती राहत नाही. यास्तव जड माल तळाशी व आसाच्या किंचित पुढे ठेवावा.

खरी कसोटी चढावर नव्हे, उतारावर लागते. धुळ्यानजीकचा लळिंग घाट किंवा चाळीसगावकडील कन्नड घाट उतरताना संपूर्ण भार ट्रॅक्टरला मागून रेटतो. वीसास एक अशा उतारावर २ टनांचा ट्रॅक्टर व ६ टनांची ट्रॉली मिळून ४०० किलोंचा रेटा निर्माण होतो. वेग दुप्पट झाला, तर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये. सडकेवर दोन्ही ब्रेकची पावले एकत्र जोडलेली असावीत. अन्यथा एकच चाक धरून ट्रॅक्टर आडवा होण्याचा धोका असतो. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक असणे अत्यावश्यक आहे.

ट्रॅक्टर किती ओढू शकतो, यापेक्षा तो किती भार थांबवू शकतो, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी बंधूने निघण्यापूर्वी स्वतःस विचारावा. अधिक एका खेपेस थोडे डिझेल लागेल खरे. पण चालक संध्याकाळी सुखरूप घरी परतेल.