जुन्या गाडीची रबरी चटई

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्‌स कार तयार होत असे. तिच्या रबरी चटया घरीही कापता येतात. पुठ्ठ्याचा नमुना गाडीत बसवून पाहायचा, मगच रबरावर खडूने आखायचे. सुरीला साबणाचे पाणी लावले की काम सोपे होते.

मात्र चटई सोल्यूशन लावून चिकटवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. या गाडीला वेगळी चौकट नाही. तळाचा पत्राही भार पेलतो. टपातून झिरपलेले पाणी चटईखाली साचले की तो गंजतो, आणि वरून काहीच दिसत नाही! अधूनमधून चटई उचलून तळ कोरडा करावा.

चालकाची चटई टिचबटणांनी पक्की बसवावी. सरकून ॲक्सिलरेटरपाशी अडकली, तर जिवाशीच गाठ.