स्वयंपाकघरातील विज्ञान : कढईविना कुरकुरीत तुकडी

कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या, समुद्रापासून आत असलेल्या गावातही माशाची तुकडी हळद, तिखट व आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळली जाते; तीच बिनकाट्याची तुकडी एअर फ्रायरमध्ये चमचाभर तेलात कुरकुरीत कशी होते, हे उष्णतेच्या वहनावरून समजते.

हवा ही तेलाच्या तुलनेत उष्णतेची फारच मंद वाहक असून, तुकडीतून निघणाऱ्या वाफेचा दमट थर पृष्ठभागाभोवती साचला की तापणे आणखी मंदावते. या यंत्रातील पंखा सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसची हवा वेगाने फिरवून तो थर सतत हटवतो, जसे वाऱ्यावर घातलेले कपडे लवकर वाळतात. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तेथील तापमान 100 अंशांपलीकडे फारसे जात नाही. ते उडाले की सुमारे 140 अंशांपुढे प्रथिने व शर्करा यांच्यात, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामील मायार यांनी 1912 मध्ये वर्णिलेली, खमंग तांबूसपणा देणारी अभिक्रिया वेग घेते. म्हणूनच तुकडी आधी टिपून कोरडी करणे हीच खरी महत्त्वाची पायरी होय. तेलाचा पातळ हात रव्याच्या कणांपर्यंत उष्णता पोहोचवतो. तो नसल्यास रवा पांढरट व कोरडा राहतो.

माशातील संयोजी ऊतक, म्हणजे स्नायूंचे थर जोडणारे कोलॅजन, मटणापेक्षा कमी असून कमी तापमानाला विरघळते, त्यामुळे गाभा सुमारे 63 अंशांना पोहोचताच मासा शिजतो आणि त्यापुढे झपाट्याने कोरडा पडतो. तुकड्या एकमेकींना चिकटवून मांडल्या, तर हवेची वाटच बंद होते.