सायकल घेताना रंग नको, पाय आणि रस्ता पाहा : काळी, लेडीज, रेंजर की रेसिंग?

चंद्रपूर/गडचिरोली : विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याच सुमारास तालुक्याच्या ठिकाणी सायकल दुकानांत गर्दी वाढते. कुणाला आठवीत गेलेल्या मुलीसाठी सायकल हवी असते, कुणाला आयटीआयला जाणाऱ्या मुलासाठी, तर कुणाला शेतावर जायला. पण निवड होते ती बहुतेक वेळा रंग, जाड टायर आणि पुढच्या स्प्रिंगा पाहून. मग दोन महिन्यांत गुडघे दुखायला लागतात, पावसात ब्रेक लागत नाही आणि सायकल भिंतीला टेकून राहते. सायकल भिंतीला टेकली की चार किलोमीटरवरची शाळाही लांब वाटायला लागते.

सायकलने काय फरक पडतो, हे बिहारमध्ये दिसले. तिथे २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी मोजले, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. गावापासून शाळा जितकी लांब, तितका सायकलीचा उपयोग जास्त.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात राज्यातील २३ जिल्ह्यांतले १२५ तालुके आहेत. त्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीचे तालुकेही येतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात आणि सायकल घरच्यांनीच निवडायची असते. म्हणजे निवड चुकली तर अनुदानही वाया. आपल्या शाळेत यंदाची यादी केव्हा तयार होणार, हे मुख्याध्यापकांना विचारावे.

चार सायकली, चार स्वभाव

१) काळी सायकल. मधला दांडा आडवा, २८ इंची चाक, सळईचे ब्रेक, मागे लोखंडी कॅरिअर. वजन साधारण २० किलो किंवा त्याहून जास्त. उचलायला जड आहे, पण एकदा चालू लागली की सरळ आणि स्थिर जाते. याचे कारण तिच्या बांधणीत आहे. दोन चाकांतले अंतर जास्त आणि पुढचा चिमटा बराच कललेला असतो, त्यामुळे खड्ड्याचा धक्का हातापर्यंत येताना कमी होतो. पूर्वापार पद्धतीच्या काळ्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तार असतात, कारण भार मागे पडतो. धानाचे पोते, सरपण, मोहफुलांची टोपली, दुधाचे कॅन अशा ओझ्याला आजही तिच्यासारखी दुसरी नाही. उणी बाजू दोन : चढावर दम काढते आणि मधल्या दांड्यामुळे बुटक्या माणसाला किंवा मुलींना चढता-उतरता त्रास होतो.

२) लेडीज सायकल. मधला दांडा खाली वाकलेला, बहुधा २६ इंची चाक, पुढे टोपली. बसायची पद्धत सरळ, त्यामुळे मान आणि पाठ मोकळी राहते आणि रस्ता लांबवर दिसतो. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर सलवार, ओढणी अडकत नाही आणि चिखलही चेनमध्ये जात नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी असावी. ही फक्त मुलींची सायकल, असे समजायचे कारण नाही. म्हाताऱ्या माणसांना, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनाही ती सोयीची आहे.

३) रेंजर. जाड, खाचांचे टायर, सरळ हँडल, पुढे स्प्रिंगचा चिमटा, कधी गियर, कधी डिस्क ब्रेक. मुलांना हीच हवी असते. मुरमाच्या रस्त्यावर, पांदणीत, चिखलात तिचे जाड टायर खरेच पकड देतात. पण डांबरी रस्त्यावर तेच टायर पाय ओढतात. गुणगुण आवाज येतो ना, ती आपलीच ताकद टायरच्या खाचांत खर्च होत असते. स्वस्त सायकलीतली स्प्रिंग वजन वाढवते आणि उभे राहून जोर लावला की खालीवर होऊन जोर खाते. दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट झाली की मग नुसतीच शोभेची. बऱ्याच रेंजरला मडगार्ड अर्धवट असतात, म्हणजे रोवणीच्या दिवसांत शाळेच्या गणवेशावर पाठभर चिखल.

४) रेसिंग सायकल, म्हणजे रोड बाइक. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, टायर बोटभर जाडीचे, वजन साधारण ८ ते ११ किलो. पायडल मारताच उडते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा कामासाठी ही सायकल बनलेली आहे. गावाकडे मात्र तिची अडचण होते. बारीक टायरमध्ये हवेचा दाब ८० ते १०० पीएसआय लागतो, खड्ड्यात रिमला मार बसतो आणि कॅरिअर लावायची सोय बहुतेकदा नसते. ट्यूबचा वॉल्व बारीक तोंडाचा असेल तर गावातला साधा पंपही बसत नाही.

वाकून चालवल्याने खरेच वेग वाढतो का?

वाढतो, पण आधीच वेगात असाल तर. ताशी २० किलोमीटरच्या वर गेल्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद समोरची हवा कापण्यात जाते. वाकले की अंगाला हवा कमी लागते. शाळेला किंवा बाजाराला जाणारा माणूस ताशी १२ ते १५ किलोमीटरने जातो. त्या वेगात वाकण्याचा फायदा नाममात्र, पाठदुखी मात्र पुरेपूर.

साधा हिशेब करा. चार किलोमीटरची शाळा ताशी १२ च्या वेगाने २० मिनिटांत येते, ताशी २० च्या वेगाने १२ मिनिटांत. वाचली आठ मिनिटे. एका पंक्चरमध्ये त्याच्या तिप्पट वेळ जातो.

गियर कुणाला लागतो?

पुढच्या चक्रीचे दाते मोजा, मागच्या चक्रीचे मोजा आणि पुढच्याला मागच्याने भागा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर उत्तर येते सुमारे अडीच. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक अडीच फेऱ्या फिरते आणि काळी सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीक. ब्रह्मपुरी, सावली, देसाईगंज, आरमोरी अशा वैनगंगेकाठच्या सपाट भागात गियरवाचून काही अडत नाही.

पण कोरचीकडचा बेडगाव घाट, जिवतीचा डोंगर किंवा एटापल्ली-भामरागडकडचे चढ असले तर गोष्ट वेगळी. गियरच्या सायकलीत सर्वांत हलक्या गियरवर दाते जवळपास सारखे येतात. तेव्हा एका फेरीत सायकल दोनच मीटर जाते, पण पायावर जोर निम्म्याहून कमी पडतो. वेळ लागतो, पण उतरून ढकलावे लागत नाही. मात्र आपल्या गावाजवळ गियर जुळवून देणारा मिस्त्री आहे का, हे आधी पाहावे. नाहीतर २१ गियरची सायकल एकाच गियरवर अडकून चालते.

मापाची सायकल कशी ओळखायची?

चाकाचा आकार आणि फ्रेमची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २६ इंची चाकाची सायकल कुणाला मोठी होते, कुणाला लहान. म्हणून ज्याला चालवायची आहे त्याला दुकानात सोबत न्या. मुलीची सायकल वडिलांनी एकट्याने जाऊन आणू नये. दुकानात या पाच गोष्टी करून पाहाव्यात :

• सायकलीच्या मधोमध दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहा. आडवा दांडा असेल तर दांडा आणि अंग यांत एक-दोन इंच जागा राहिली पाहिजे.

• सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. हीच सीटची बरोबर उंची.

• सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. जास्त वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि गुडघा मागून ताणतो. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीला पाय टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि सवय झाली की थोडी थोडी वर घ्यावी.

• हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहावे. हात ताठ होत असतील तर सायकल लांब पडते. त्याने खांदे आणि मनगट दुखतात, बोटांना मुंग्या येतात.

• ब्रेकचा दांडा बोटांनी पूर्ण दाबता येतो का, हे पाहा. मोठ्या माणसांच्या ब्रेकपर्यंत लहान मुलांची बोटे पोहोचत नाहीत. हे दुकानात लक्षात येत नाही, उतारावर येते.

'पुढच्या वर्षी उंची वाढेल' म्हणून मोठी सायकल घेणे ही नेहमीची चूक. मोठ्या सायकलीवर मूल डुलत चालवते आणि ट्रक आला की पाय टेकवू शकत नाही. कोळसा आणि खनिजाची वाहतूक असलेल्या रस्त्यांवर ही चूक महागात पडते. त्यापेक्षा आजच्या मापाची घ्या आणि सीट वर करायला वाव असलेली घ्या. सीटची दांडी वर ओढताना तिच्यावरची खूण बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दांडी मोडू शकते.

पावसातला ब्रेक

आपल्या भागात हा सर्वांत मोठा प्रश्न. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक बरा लागतो. डिस्क ब्रेक पावसात चांगला, पण स्वस्त डिस्क वारंवार जुळवावी लागते आणि पत्रा वाकला तर गावात दुरुस्ती मिळत नाही.

कोणतीही सायकल असो, पावसात थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका दाबत राहा. त्याने रिमवरचे पाणी पुसले जाते. मग दोन्ही ब्रेक मिळून दाबा. वळणावर, शेणावर किंवा ओल्या पानांवर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका.

उन्हाळ्यात उलटे. पारा ४५ च्या वर असताना गच्च हवा भरलेली सायकल उन्हात ठेवू नका, ट्यूब फुटू शकते. टायरवर किती पीएसआय हवा भरायची ते छापलेले असते. सराटे आणि बाभळीचे काटे टायरमध्ये रुतून राहतात, आठवड्यातून एकदा हात फिरवून काढावेत.

जंगलातून रस्ता असेल तर

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी भागात वाघाचा वावर आहे. पहाटे आणि अंधार पडताना एकट्याने जंगलातून जाऊ नये, असे वनविभाग सांगत असतो. सायकल निवडताना याचाही विचार करावा. सरळ बसवणाऱ्या सायकलीवर नजर आजूबाजूला राहते, वाकून बसवणाऱ्या सायकलीवर ती पुढच्या चाकाजवळ राहते. घंटी, पुढे दिवा आणि मागे लाल चकाकी या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका. मुलांनी गटाने, बोलत, घंटी वाजवत जावे.

मग कोणती घ्यावी?

शाळेचा रस्ता डांबरी आणि सपाट असेल तर पूर्ण चेन कव्हर, पूर्ण मडगार्ड आणि कॅरिअर असलेली साधी बिनगियरची सायकल. ओझे वाहायचे असेल तर काळी. रोजचा रस्ता मुरमाचा, चढाचा असेल तर गियरची रेंजर, पण स्प्रिंग नसलेली मिळाली तर उत्तम. स्पर्धेत उतरायचे, रोज ४०-५० किलोमीटर चांगल्या महामार्गावर सराव करायचा, तर रेसिंग.

आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. दुकानदाराकडून पावती घ्या, अनुदानासाठी ती लागते. आणि महिनाभराने एकदा सगळे नट आवळून, तारा ताणून देण्याचे कबूल करून घ्या. नवी सायकल पहिल्या महिन्यात सैल होतेच. तेव्हा आवळली तर पुढची चार वर्षे निभतात.