हिरा चमकतो तो कोनांमुळे

दहावीच्या वर्गात पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना ‘म्हणून हिरा चमकतो’ असे एक वाक्य येते आणि धडा पुढे सरकतो. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. खाणीतून काढलेला कच्चा हिरा पाहिला तर तो तुपकट चकाकीच्या काचेच्या खड्यासारखा दिसतो. अपवर्तनांक तोच, क्रांतिक कोन तोच, मग तो का चमकत नाही? आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या, सारख्याच वजनाच्या दोन गोल हिऱ्यांपैकी एक झगमगतो आणि दुसरा मंद दिसतो, असे का?

अकोले तालुक्यातल्या शाळांतून मुले पुष्कळदा ‘हिरा सापडला’ म्हणून चमकणारा खडा घेऊन येतात. आपला सगळा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टचा. त्याच्या पोकळ्यांत गारगोटीचे आणि झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढतात, हिरे मात्र नाहीत. भारतातले हिरे जुन्या काळी कृष्णेच्या खोऱ्यातून, म्हणजे गोवळकोंड्याच्या बाजारातून येत, आणि मध्य प्रदेशात पन्ना येथेही सापडतात. पण एक प्रसिद्ध हिरा आपल्या शेजारीच होता. कळसूबाईच्या पलीकडे, इगतपुरी ओलांडून गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तिथल्या देवस्थानाचा म्हणून सांगितला जाणारा ‘नाशिक हिरा’ १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला.

तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते (१ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम). आपल्याकडच्या कारागिरांनी तो घडवताना वजन जपले होते, चमक नंतर. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, तेव्हा तो सुमारे ७८.६ कॅरट उरला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला चौकोनी घाट दिला आणि वजन ४३.३८ कॅरटवर आले. निम्म्याहून अधिक हिरा भुकटी होऊन गेला, तो चमकीसाठी. कोहिनूरचेही तसेच झाले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो पाहून लोक निराश झाले आणि १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडताना वजन १८६ कॅरटवरून सुमारे १०६ वर आले.

वजन आणि चमक यांची ही ओढाताण आजही प्रत्येक लहान हिऱ्यात चालू असते. गिऱ्हाइकाला ती कळावी कशी? त्यासाठी कंपासपेटीतला कोनमापक पुरतो.

फळ्यावरचा हिरा

गोल हिऱ्याला साधारणपणे ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. त्याच्याभोवतीचा उतरता भाग म्हणजे मुकुट, मधली कड म्हणजे कंबर आणि खालचा निमुळता भाग म्हणजे तळ. प्रमाणपत्रावर हेच भाग क्राउन, गर्डल आणि पॅव्हेलियन या नावांनी येतात.

फळ्यावर तळाचा उभा छेद काढा. तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसेल. त्याची प्रत्येक बाजू आडव्या रेषेशी जो कोन करते त्याला ‘त’ म्हणू. आता टेबलावर सरळ उभा पडणारा किरण काढा. तो न वाकता आत शिरतो. पहिल्या बाजूवर त्याचा आपतन कोन ‘त’ इतकाच येतो. तिथून परावर्तित होऊन तो दुसऱ्या बाजूवर पडतो, तिथे आपतन कोन १८० − ३त. तिथून वर येताना तो उभ्या रेषेशी १८० − ४त इतका कोन करतो. हे मुलांना भूमितीने सिद्ध करायला सांगा, त्यांना जमते.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आणि क्रांतिक कोन २४.४ अंश. ‘त’ ४०.७५ अंश घेतला तर तीन कोन येतात ४०.७५, ५७.७५ आणि १७. पहिले दोन क्रांतिक कोनाहून मोठे, म्हणून प्रकाश आतच राहतो. तिसरा लहान, म्हणून प्रकाश टेबलातून बाहेर, आपल्या डोळ्यांकडे येतो.

अगदी हाच घाट काचेला दिला तर? काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश. पहिलाच कोन ४०.७५, म्हणजे किरण पहिल्याच बाजूतून खाली निसटतो. खोटा खडा निस्तेज का, याचे हे उत्तर. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात त्या झिर्कोनियाचा क्रांतिक कोन मात्र सुमारे २८ अंश आहे. तोही छान चमकतो, तेव्हा निव्वळ चमकीवरून हिरा ओळखू नये.

आता ‘त’ ३८ अंश करा, म्हणजे तळ उथळ करा. तिसरा कोन २८ येतो, क्रांतिक कोनाहून मोठा. टेबल किरणाला बाहेर सोडत नाही. उलट ‘त’ ४५ केला तर किरण आला त्याच वाटेने सरळ वर जातो. पण त्या वाटेवर पाहणाऱ्याचे डोके असते. म्हणून फार खोल हिऱ्याच्या मध्यभागी काळपट डाग दिसतो.

दोन अटी, एक तडजोड

प्रकाश तिरपाही येतो. आत शिरल्यावर तो उभ्या रेषेपासून जास्तीत जास्त २४.४ अंश कललेला असू शकतो. असा एकही किरण पहिल्या बाजूतून निसटू नये म्हटले तर ‘त’ किमान ४८.९ हवा. दुसऱ्या बाजूतून निसटू नये म्हटले तर जास्तीत जास्त ४३.७ हवा. दोन्ही अटी पाळणारा कोनच नाही! हिऱ्याचा घाट ही मुळातच तडजोड आहे.

हे गणित मार्सेल टोल्कोव्स्की या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या अभियंत्याने १९१९ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. त्याने दुसऱ्या अटीला झुकते माप दिले आणि रंगांची फाकही हिशेबात धरून तळाला ४०.७५ अंश, मुकुटाला ३४.५ अंश आणि टेबलाला व्यासाच्या ५३ टक्के ही मापे सुचवली. पुढे संगणकाने आणि माणसांच्या निरीक्षणाने दिसून आले की इतरही काही जोड्या चांगल्या चमकतात. मुकुट थोडा चढा असेल तर तळ थोडा उतरता चालतो. अमेरिकेतील जी. आय. ए. ही संस्था २००६ पासून गोल हिऱ्याच्या घाटाला ‘एक्सलंट’ ते ‘पुअर’ अशा पाच प्रती देते.

अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

तळाची खोली म्हणजे व्यासाच्या निम्म्याला ‘त’च्या टॅन्जंटने गुणायचे. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे सुमारे एक कॅरटच्या हिऱ्यात ती ४०.७५ अंशाला २.८० मिलिमीटर येते आणि ४५ अंशाला ३.२५. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण तेवढ्यात हिऱ्याचा मध्य काळवंडतो.

घडवणाऱ्याला खोली ठेवण्याचा मोह का होतो? हिरा कॅरटच्या भावाने विकला जातो म्हणून. गोल हिऱ्याचे कॅरटमधले वजन अंदाजे व्यास × व्यास × उंची × ०.००६१ असते (मापे मिलिमीटरमध्ये). एकूण उंची व्यासाच्या ६१ टक्के असेल तर एक कॅरटचा हिरा ६.४५ मिलिमीटर रुंद दिसतो आणि ६७ टक्के असेल तर ६.२५. पैसे एका कॅरटचेच, पण दिसायला तो सहा टक्के लहान आणि वर मंद. जाड कंबरेतही असेच वजन दडते.

दुकानात काय पाहावे?

लग्नाची अंगठी किंवा कुड्या घेताना घरची बरीच वर्षांची शिल्लक एका पुडीत जाते. तेव्हा एवढे जरूर करावे.

१. प्रमाणपत्रावर कॅरट, रंग आणि शुद्धता यांच्याबरोबर घाटाची प्रतही वाचावी. साधारणपणे टेबल ५३ ते ६० टक्के, एकूण उंची ५९ ते ६२.५ टक्के, मुकुटाचा कोन ३३.५ ते ३५.५ आणि तळाचा ४०.६ ते ४१.२ अंश असेल तर हिरा बहुधा चांगला असतो.

२. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली कोणताही हिरा चमकतो. तो दाराशी, सावलीतल्या उजेडात आणून हलवून पाहावा.

३. मध्ये काळा डाग (तळ खोल) किंवा टेबलाच्या आत गोल पांढुरकी कड (तळ उथळ) दिसते का ते पाहावे.

४. सराफाकडचे दहापट भिंग मागून घ्यावे. समोरासमोरचे पैलू सारखे आहेत का आणि कंबर किती जाड आहे ते त्यातून दिसते.

५. चमकीसारख्या बारीक खड्यांना बहुधा वेगळे प्रमाणपत्र नसते. तिथे दोन-तीन खडे शेजारी ठेवून डोळ्यांनीच निवड करावी.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा अपवर्तनांकही तोच असतो. त्यामुळे हे सारे त्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

वर्गात एक तास यासाठी द्यावा. निम्म्या मुलांनी ‘त’ ३६ ते ५० अंशांपर्यंत दोन-दोन अंशांनी वाढवत किरण काढावेत, निम्म्यांनी तेच पाण्यासाठी (क्रांतिक कोन ४८.६) करून पाहावे. पाण्याचा ‘हिरा’ कोणत्या कोनाला चमकेल, हे त्यांना स्वतःच शोधू द्यावे.