‘यंत्राला मन असते का?’ : एका प्रास्ताविक अभ्यासक्रमातील भाषेचा प्रश्न

मन, यंत्र आणि तंत्रज्ञान या विषयांवरील प्रास्ताविक अभ्यासक्रम पाश्चात्त्य विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांत बराच काळ शिकविला जात आहे. त्याची वाट आता मळलेली आहे : देकार्तपासून आरंभ, अ‍ॅलन ट्यूरिंगचा १९५० चा निबंध, जॉन सर्लची ‘चिनी खोली’ आणि अखेरीस तंत्रज्ञानाचे मानवी जीवनावरील परिणाम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ज्ञानशाखांच्या भिंती ओलांडणारे ऐच्छिक विषय महाविद्यालयांतून येऊ लागले आहेत. असा अभ्यासक्रम मराठीतून शिकविण्याचा प्रसंग तत्त्वज्ञानाच्याच नव्हे, तर भाषेच्या अध्यापकावरही येऊ शकतो. त्या वेळी पहिली अडचण यंत्राची नसते. ती शीर्षकातील पहिल्या शब्दाची असते.

इंग्रजीतील ‘माइंड’ला आपण सरसकट ‘मन’ म्हणतो. परंतु मराठी मनाचे व्यवहार निराळे आहेत. मनात येते, मन लागत नाही, मन खाते, मन मोठे करावे लागते. याउलट डोके चालवावे लागते आणि बुद्धी गंजते. अवघड गणित सुटले म्हणून कोणी कोणाचे ‘मन चांगले आहे’ असे म्हणत नाही. रामदासांनी २०५ श्लोक मनाला उद्देशून रचले ते त्याची समजूत घालण्यासाठी, त्याला तर्कशास्त्र शिकविण्यासाठी नव्हे. बहिणाबाईंच्या कवितेतील मन हे हाकलले तरी पुन्हा शेतात शिरणारे जनावर आहे. इच्छा, चंचलता आणि व्यथा यांचे ठिकाण म्हणजे आपले मन. ‘यंत्र विचार करू शकते का?’ असे विचारले तर वर्गात मतभेद होतील. ‘यंत्राला मन असते का?’ असे विचारले तर उत्तर बहुधा एकमुखी ‘नाही’ असे येईल. इंग्रजीत जवळजवळ एकच वाटणारे हे दोन प्रश्न मराठीत उघडपणे दोन आहेत. पारिभाषिक संज्ञा एकदा ठरवून टाकली की ही फूट झाकली जाते. अध्यापनाच्या दृष्टीने ती झाकण्यापेक्षा तिच्यापासूनच आरंभ करणे अधिक फलदायी ठरेल.

या आरंभासाठी लागणारी सामग्री पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. दासबोधाच्या सतराव्या दशकात अंतःकरणपंचकाचे निरूपण येते. संकल्पविकल्प करते ते मन, निश्चय करते ती बुद्धी, चिंतन करते ते चित्त, अभिमान धरतो तो अहंकार. आणि या सर्वांआधीचे निर्विकल्प स्फुरण ते अंतःकरण. ज्याला इंग्रजी एका शब्दात गुंडाळते, त्याची येथे कार्यानुसार वाटणी झालेली आहे. ही वाटणी हाती असली म्हणजे ‘यंत्र विचार करते का?’ हा प्रश्न तसाच ठेवता येत नाही. यंत्र निश्चय करते का, चिंतन करते का, ‘मी’ म्हणते का, असे तो फोडावा लागतो. बुद्धिबळात १९९७ साली कास्पारोव्हला हरविणाऱ्या ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने निश्चय केला असे म्हणता येईल. त्याने अभिमान धरला असे मात्र कोणी म्हणणार नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा सांख्यांचा आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत बुद्धी, अहंकार व मन ही तिन्ही प्रकृतीची कार्ये आहेत, म्हणून ती अचेतन आहेत. चैतन्य पुरुषाचे, त्याच्या सान्निध्यामुळे अचेतन बुद्धी चेतनासारखी भासते. देकार्तने सीमारेषा आखली ती विस्तारयुक्त जड पदार्थ आणि विचार करणारे द्रव्य यांच्यामध्ये. सांख्यांची रेषा विचाराच्या पलीकडून जाते. विचाराची साधने जडाच्याच बाजूला पडतात. देकार्तच्या वारसदाराला विचार करणारे यंत्र हा विरोधाभास वाटेल, सांख्याला वाटण्याचे कारण नाही. ‘पाहतो कोण?’ एवढेच तो विचारील. नैयायिकांचे मनही ज्ञाता नव्हे. ते अणुपरिमाण असे आंतर इंद्रिय आहे आणि एकाच वेळी अनेक ज्ञाने होत नाहीत हे त्याच्या अस्तित्वाचे गमक. सांख्यांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह काहींना होईल. तो वर्गाबाहेर ठेवलेला बरा. येथे उपयोग आहे तो एवढाच की, विचार आणि जाणीव ही जोडी अभेद्य आहे हे देकार्तचे गृहीतक विद्यार्थ्याला गृहीतक म्हणून दिसते.

हे दिसल्यानंतर ‘माइंड’ या नियतकालिकात ऑक्टोबर १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला ट्यूरिंगचा निबंध वाचावयास घ्यावा. ‘यंत्रे विचार करू शकतात का?’ हा प्रश्न ट्यूरिंग मांडतो आणि लगेच बाजूला ठेवतो. त्याच्या जागी तो एक खेळ आणतो. परीक्षक दुसऱ्या खोलीतून लेखी प्रश्न विचारतो आणि उत्तरे माणसाची की यंत्राची हे ओळखू पाहतो. सुमारे पन्नास वर्षांनी, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरानंतर सर्वसाधारण परीक्षकाची अचूक ओळखण्याची शक्यता ७० टक्क्यांपेक्षा अधिक राहणार नाही, असा त्याचा अंदाज होता. ही कसोटी त्याला शून्यातून सुचलेली नाही. यंत्र शब्द उच्चारू शकेल, पण समोर बोलल्या गेलेल्या प्रत्येक गोष्टीच्या आशयाला धरून मंदबुद्धी माणूसही देतो तसे उत्तर ते देऊ शकणार नाही, असे देकार्तने १६३७ मध्येच म्हटले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांच्या हाती आल्यापासून देकार्तचे हे विधान पूर्वीच्या खात्रीने शिकविता येत नाही. विधान ढासळले म्हणजे त्याचा निष्कर्षही ढासळला काय, हा चर्चेचा उत्तम विषय आहे.

सर्लने १९८० मध्ये मांडलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. चिनी भाषेचा गंध नसलेला मनुष्य खोलीत बसून केवळ नियमपुस्तकाच्या आधारे चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनी उत्तर देतो. बाहेरच्यांना वाटते, आत चिनी जाणणारा आहे. चिन्हांची मांडणी म्हणजे अर्थ नव्हे, हे सर्लचे प्रतिपादन. आपल्याकडील विद्यार्थ्याला हा दृष्टान्त काहीसा कृत्रिम वाटतो, कारण असे नियमपुस्तक त्याने कधी पाहिलेले नसते. घनपाठ मात्र त्याच्या ऐकण्यात असू शकतो. पहिले पद, दुसरे, दुसरे, पहिले, मग एक-दोन-तीन, तीन-दोन-एक आणि पुन्हा एक-दोन-तीन. पदांचा हा क्रमबदल संपूर्णपणे नियमबद्ध आहे आणि तो निर्दोष साधण्यासाठी अर्थ ठाऊक असण्याची गरज नाही. वेद पठण करूनही अर्थ न जाणणाऱ्याला यास्काने निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. सर्लचा आक्षेप आणि यास्काची तक्रार एकच नव्हेत. यास्काला तो मनुष्य अर्थ शिकू शकतो याविषयी शंका नाही. सर्लच्या मते निव्वळ नियमांच्या जोरावर अर्थापर्यंत पोचताच येत नाही. हा भेद विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा.

पैठणच्या रेड्याची आख्यायिका येथे सहज आठवते. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, या कथेकडे चमत्कार म्हणून पाहण्याची सवय आहे. प्रस्तुत संदर्भात ती दुधारी आहे. रेड्यातही तोच आत्मा आहे, म्हणून तो वेद बोलला, असे एक वाचन, हे परंपरेचे. रेडाही वेद बोलू शकतो, तर मग पठणावरून पठण करणाऱ्याचा अधिकार कसा ठरवावा, हे दुसरे. पहिल्या वाचनाने वाणी ही चैतन्याची खूण ठरते, दुसऱ्याने ती खूणच बाद होते. यंत्राच्या वाणीविषयीचा आजचा वाद नेमका या दोन वाचनांमध्ये अडकलेला आहे. एमिली बेंडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मोठ्या भाषाप्रतिमानांना ‘संभाव्यतेवर चालणारे पोपट’ म्हटले. मराठीला ‘पोपटपंची’ हा शब्द घडविण्यासाठी तेवढी वाट पाहावी लागली नाही.

तंत्रज्ञानाच्या घटकाला अभ्यासक्रमात साधारणतः सर्वांत शेवटी व सर्वांत कमी वेळ मिळतो. येथेही शब्दांपासून निघता येईल. ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे या धातूपासून आला आहे, तर ‘तंत्र’ हा ‘तन्’ म्हणजे ताणणे यापासून. संस्कृतात तंत्र म्हणजे मागही. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्राविषयी १८४३ मध्ये लिहिताना एडा लव्हलेस हिने, जाकारचा माग जशी फुलेपाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिती आकृतिबंध विणील, असे म्हटले होते. यंत्र नवे काही निर्माण करीत नाही, हा तिचा आक्षेप ट्यूरिंगने आपल्या निबंधात स्वतंत्रपणे विचारात घेतला आहे.

हा सर्व विचार अध्यापकाच्या टेबलावर येऊन थांबतो तो स्वाध्यायांच्या गठ्ठ्याच्या रूपाने. वायझेनबाउमच्या ‘एलायझा’ या १९६६ च्या साध्या आज्ञावलीशी बोलताना त्याच्याच सचिव स्त्रीने त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितले, ही हकीकत त्याने पुढे नोंदविली आहे. ती वाचून विद्यार्थी हसतात. परंतु यंत्राकडून लिहून घेतलेल्या स्वाध्यायाला गुण देणारा अध्यापक त्या सचिव स्त्रीहून फारसा वेगळा नाही. लेखी उत्तरावरून समज ओळखण्याचा हा खेळ तो वर्षानुवर्षे खेळत आला आहे. गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या काळातही उत्तरपत्रिकेतून बोलत होता तो विद्यार्थीच होता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तेव्हा यंत्राने परीक्षा बिघडविली ही तक्रार अर्धीच खरी. चिन्हांच्या मांडणीला अर्थाचे गुण देण्याची सवय यंत्राच्या आधीची आहे.

या अभ्यासक्रमापुरता एक स्वाध्याय सुचविता येईल. ट्यूरिंगचा मूळ प्रश्न विद्यार्थ्याने मराठीत तीन प्रकारे मांडावा : एकदा मन, एकदा बुद्धी, एकदा जाणीव हा शब्द योजून. प्रत्येक मांडणीत उत्तर कोठे बदलते ते आपल्या बोलीतील उदाहरणांनी दाखवावे. आजीच्या तोंडी ‘मन’ कशाकशासाठी येते, शेतात वा कारखान्यात यंत्र अडले की त्याला माणसासारखे कोणते शब्द लावले जातात, हे ज्याचे त्याला ऐकूनच आणावे लागते. यंत्र याचेही उत्तर देईल, बहुधा सफाईने देईल. म्हणून लेखनानंतर तोंडी प्रश्न हवेत, आणि ते त्याने आणलेल्या उदाहरणांवरच हवेत. ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकी ट्यूरिंगची पाच मिनिटे दिली तरी सहा तास चाळीस मिनिटे लागतात. वेळापत्रकात ती आज कोठेही नाहीत.